बांगड्यांविषयी बोलायचं कसं: एका गावातल्या प्रकल्प नोंदी

तासगावच्या द्राक्षपट्ट्यातलं एक गाव. विधवा प्रथांविषयी गावानं आपसात मोकळेपणानं बोलावं, एवढंच काम हाती घेतलं होतं. गावाचं आणि कुणाचंच नाव इथं दिलेलं नाही. बैठकीत जे बोललं गेलं त्यातलं फक्त तेवढंच लिहिलंय, जे लिहायला त्या बायकांनी "लिव्हा" म्हणून सांगितलं.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

सावित्रीबाईंच्या जयंतीला ग्रामपंचायतीत पहिली बैठक झाली. सरपंच, आशाताई, अंगणवाडी सेविका, उमेद या बचत गटांच्या सरकारी अभियानातल्या सीआरपी ताई (गावातल्या गटांना मदत करणाऱ्या), मी आणि माझा सहकारी. विषय सांगितला तसे सरपंच म्हणाले, "मग हेरवाडसारखा ठराव करून टाकू. २६ जानेवारीला ग्रामसभा आहेच."

हेरवाड शिरोळ तालुक्यातलं, कुरुंदवाडजवळचं गाव. ४ मे २०२२ रोजी तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बायकोचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे आमच्या गावात बंद. शाहू महाराजांच्या निधनाला तेव्हा शंभर वर्षं होत होती. त्याच महिन्याच्या १७ तारखेला ग्रामविकास विभागाचं परिपत्रक निघालं आणि बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं गेलं. त्यानंतर ठराव पुष्कळ गावांनी केले. चांगलंच झालं. पण दोन गावांत मी असंही पाहिलंय की ठरावाची झेरॉक्स माझ्या हातात आहे आणि समोर बसलेल्या बायकांना असा ठराव झाल्याचा पत्ताच नाही.

सरपंचांना हेच सांगितलं. म्हटलं, चार महिने द्या, १ मेच्या ग्रामसभेपर्यंत थांबा. त्यांनी मान डोलावली. सीआरपी ताई मात्र बाहेर पडता पडता म्हणाल्या, "ताई, चार महिन्यांत इथं कुणी तोंड उघडलं तरी पुष्कळ झालं."

९ जानेवारी, गुरुवार

वेळेचं गणित. सध्या द्राक्षाची विरळणी चालू आहे. बायका सकाळी आठला बागेत जातात ते साडेपाचला परततात, मग स्वयंपाक. गुरुवारी गावचा बाजार, त्या दिवशी मजुरीला सुट्टी. म्हणून गुरुवार, दुपारी दोन ते चार. दोन तासांपेक्षा मिनिटभरही जास्त नाही.

जागा समाजमंदिर. सतरंजी, गोल बैठक, खुर्च्या नाहीत. माईक नाही, माईक हातात आला की बाई भाषण करते किंवा गप्प होते. फोटो नाहीत. आमच्या अहवालाला फोटो लागतात, त्यासाठी रिकाम्या सतरंजीचा काढू. चहा आम्ही सांगू तेव्हाच आत येईल, कारण नेमकं कुणी बोलायला लागलं की कपबशांचा आवाज होतो आणि तो धागा पुन्हा सापडत नाही. हे मी आधीच्या कामात गमावून शिकले आहे.

बॅनर छापून आला होता, 'विधवा प्रथा निर्मूलन कार्यशाळा'. तो लावायचा नाही असं ठरवलं. या अक्षरांखाली येऊन बसणं म्हणजे गावासमोर आपली ओळख तीच आहे असं मान्य करणं. निरोप नुसता 'बायकांची बैठक' असा दिला.

शब्दावर आम्ही दोघं बराच वेळ बोललो. विधवा, एकल, निराधार, गं. भा. एप्रिल २०२३ मध्ये 'गंगा भागीरथी' हा शब्द वापरण्याची सूचना महिला व बालविकास मंत्र्यांच्या पत्रातून आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मला स्वतःला नावाआधीचा कुठलाच बिल्ला नको वाटतो. 'एकल' हा चळवळीतला शब्द मला आवडतो, पण या गावात तो कुणी बोलत नाही. इथं म्हणतात "मालक वारल्याली". ज्या बाईला जो शब्द सुचेल तोच आपण वापरायचा, असं ठरलं.

१६ जानेवारी, गुरुवार

बायकांची पहिली बैठक, आणि ती पहिल्या पाच मिनिटांतच माझ्या हातून गेली.

संक्रांत होऊन दोनच दिवस झालेले. एका बचत गटाच्या बायकांनी उत्साहानं तिळगुळाची ताटं आणली होती, सोबत हळदीकुंकवाची कुयरी. दारातच एकजण येणाऱ्या प्रत्येकीला कुंकू लावत होती. स्वागत म्हणूनच, मनात काही वाईट नाही. मी आत सतरंजी अंथरत होते. बाहेर आले तर सातजणी व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभ्या. कुणी त्यांना अडवलं नव्हतं. कुयरी पाहूनच त्या थांबल्या होत्या.

ज्यांच्यासाठी हे सगळं मांडलं, त्याच उंबऱ्याबाहेर. मी धावत जाऊन "या की आत" म्हटलं, तर एक म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई, आमाला हितनं ऐकू येतंय."

शेवटी त्या आल्या, पण भिंतीकडेनं आणि घोळक्यानं. गोल झालाच नाही. हजेरीपत्रक फिरलं त्यात पहिला रकाना होता 'सौ./श्रीमती'. सीआरपी ताईंनी तो भरताना प्रत्येकीकडे एकदा पाहिलं, आणि मग सगळ्यांनीच पाहिलं. पुढचे दोन तास मी आरोग्य आणि पेन्शनवर बोलून बैठक पार पाडली.

१७ जानेवारी, शुक्रवार

सकाळी त्या सातजणींच्या घरी गेले. माफी मागितली. तिघींना माफी कशाची हेच कळेना. एक आक्का म्हणाल्या, "तुमी काय केलासा? ह्ये रोजचंच हाय." माझ्या दृष्टीनं तेच जास्त वाईट होतं.

कुंकू लावणारीच्या घरीही गेले. ती रडवेली झाली होती, कारण रात्री तिला कुणीतरी बोललं. तिला सांगितलं की चूक माझी आहे, दारात कोण काय करणार हे मी आधी बघायला हवं होतं. पुढच्या वेळी दारात तूच उभी राहा, म्हटलं, फक्त हातात पाण्याचा तांब्या घे. उन्हातून येणाऱ्या प्रत्येकीला आधी पाणी.

हजेरीपत्रकातला तो रकाना काढून टाकला. आता फक्त नाव आणि सही किंवा अंगठा.

२३ जानेवारी, गुरुवार

तेवीसजणी. पाण्याचा तांब्या जमला. गोल झाला, थोडा तुटका.

मी विचारलं, "कुणाला आपला अनुभव सांगावासा वाटतो का?" कुणीच नाही. पुन्हा विचारलं. सगळ्या सतरंजीचे दोरे ओढत बसल्या. साहजिकच आहे. शेजारी जाऊ बसलेली, समोर चुलत सासू, आणि मी परगावची. या सगळ्यांपुढं बाईनं आपला सगळ्यात वाईट दिवस का उलगडावा? अनुभव सांगायला बोलावणं म्हणजे जिनं सोसलं तिच्यावरच आणखी एक काम टाकणं. हा प्रश्न मी यापुढं पहिल्या तीन बैठकांत विचारणार नाही.

सहकाऱ्यानं सुचवलेली दुसरी तयारी होती, ती काढली. तोंडाला फडकं बांधलेलं गाडगं. प्रत्येकीला एक चिंचोका आणि एक शेंगदाणा. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायची पद्धत राहावी असं वाटत असेल तर शेंगदाणा टाका, नको वाटत असेल तर चिंचोका. उरलेला दाणा येताना मुठीतच ठेवा, बाहेर अंगणात टाकून द्या. आडोशाला एकेक जण जाऊन आली. लिहिता न येणाऱ्या आठजणी होत्या, त्यांना चिठ्ठी म्हणजे दुसऱ्याला सांगणं, म्हणून दाणे.

गाडगं सतरंजीवर सगळ्यांसमोर ओतलं. सतरा चिंचोके, सहा शेंगदाणे.

कितीतरी वेळ सगळ्या त्या ढिगाकडे पाहत राहिल्या. मग एक तरुण सून हळूच म्हणाली, "मला वाटलं मी येकटीच आसन." आणि मग एकदम चारपाचजणी बोलायला लागल्या.

मी मुद्दाम त्या सहा शेंगदाण्यांकडे वळले. म्हटलं, हे टाकणारीनं हात वर करायचा नाही, पण टाकणारीच्या मनात काय असेल ते कुणीही सांगा. तेव्हा खरी भीती बाहेर आली. पोरीचं लग्न अडेल. पाहुणे येणं बंद होईल. आणि एक म्हणाली, "गळ्यात डोरलं दिसलं तर गडी माणसं कशी बघतील, आन नसलं तर कशी बघत्यात, दोन्ही मला ठावं हाय." सहाजणींच्या म्हणण्यात तथ्य होतं. त्या मागासलेल्या म्हणून नव्हे, गावाला नीट ओळखतात म्हणून घाबरल्या होत्या.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रथसप्तमी. हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. गुरुवार नसताना बायकांनीच हा दिवस मागितला, मला फार बरं वाटलं.

आज गोलाच्या मधोमध एक पितळी ताट. त्यात कासाराकडून आणलेल्या हिरव्या काचेच्या एक डझन बांगड्या, दोऱ्यात ओवलेल्या, आणि एक जोडवं. प्रश्न दुःखाचा नव्हता. "काचेची बांगडी पहिल्यांदा हातात कधी आली, आठवतं?"

सगळ्यांनाच आठवत होतं. जत्रेतल्या. मामानं घेतलेल्या. लग्नातला चुडा भरताना कासारानं अंगठ्याचं हाड दाबलं तेव्हा डोळ्यात आलेलं पाणी, आणि आईचं "रडू नको, मऊ हात हाय तुझा". भिंतीकडेच्या सातजणींतल्या पाचजणी बोलल्या. ताट हातोहात फिरलं. एका म्हाताऱ्या आजींनी बांगडी कानापाशी नेऊन वाजवून पाहिली.

ताट एका पस्तिशीच्या बाईजवळ थांबलं. तिनं ते पुढं दिलं नाही. सहकारी दाराजवळ बसला होता, त्यानं मला डोळ्यांनी खुणावलं. मी गप्प राहिले.

तिचा नवरा २०२१ च्या मे महिन्यात कोविडनं गेला. मिरजेला नेलं, तिकडंच सगळं उरकलं, घरी काही आणलं नाही. ती ताटाकडे बघतच म्हणाली, "त्यांचं त्वांड बघाय मिळालं न्हाई. मातीला कोन आलं न्हाई. पन बांगड्या फोडाय चौघी आल्या, मास्क लावून. म्हातारी भ्यानं येईना, म्हणून जाऊबाईनं दगड घेतला."

थोरली जाऊ समोरच बसली होती. दोघी एकाच घरात राहतात.

अशा वेळी सांभाळायचं म्हणजे काय, हे मला कोणत्याही प्रशिक्षणात नेमकं सांगता आलेलं नाही. मला इतकंच ठाऊक होतं की आता बोलायची पाळी माझी नाही. चहावाली दारात आली, सहकाऱ्यानं तिला हातानंच थांबवलं. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला.

मग थोरली म्हणाली, "आत्याबाई म्हणाल्या, तूच कर, भायेरच्या बाईनं हात लावण्यापरीस घरच्यानं बरं. माझा हात इतका थरथरत हुता की काच कुठं ग्येली ते मला कळलंच न्हाई."

धाकटीनं डाव्या हाताचं मनगट उलटं करून पुढं केलं. नाडीच्या जरा वर, तांदळाएवढा पांढरा व्रण. "हितं ग्येली."

थोरलीनं तो व्रण त्याआधी पाहिलेला नव्हता. चार वर्षं एका चुलीवर स्वयंपाक करून. तिनं काही न बोलता ते मनगट दोन्ही हातांत धरलं आणि तसंच धरून ठेवलं. कुणी "जाऊ द्या", "देवाची मर्जी" असलं काही म्हटलं नाही. मी घाबरत होते की कुणीतरी म्हणेल.

पावणेचारला मी शेवटची फेरी घेतली. आज घरी जाऊन काय करणार, एवढाच प्रश्न. भाकरी. जनावरांची धार. पोराची फी भरायचीय. अशा बैठकीनंतर बाईला तशीच घरी पाठवू नये, रोजच्या कामावर तिचा पाय टेकवून मगच सोडावं. मग चहा मागवला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

धाकटीला भेटले. रात्री झोप लागली नाही म्हणाली, पण बोलल्याचं वाईट वाटत नाही. आशाताईंकडे टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून दिला, गरज लागली तर दोघी मिळून फोन लावतील. उघडलेलं बोलणं असं मोकळं सोडून मी दुसऱ्या गावाला निघून जाऊ शकत नाही. पुढचे तीन आठवडे दर गुरुवारी तिच्या घरावरून जाणं माझ्या वेळापत्रकात टाकलं.

थोरली गोठ्यात होती. तिनं मला गूळ-शेंगा दिल्या.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आजची बैठक लहान, फक्त सहा म्हाताऱ्या. घरी, ओसरीवर, मीच त्यांच्याकडं गेले. गावात मयत झालं की ज्यांना "त्या कामाला" बोलावतात, त्या ह्या.

यांना कुणी कधी काही विचारलेलं नाही. प्रथेविरुद्ध बोलणाऱ्यांच्या भाषणात त्या नेहमी करणाऱ्या असतात. खरं तर त्या सगळ्याजणी स्वतः तरुणपणी याच दगडाखालून गेलेल्या आहेत. मी विचारलं, "पहिल्यांदा तुम्हाला कुणी बोलावलं?"

सगळ्यात थोरल्या आजी म्हणाल्या, "सवाष्णीनं त्याला हात लावायचा न्हाई म्हनत्यात. मग आमीच. माझ्या सासूच्या मागं ह्ये माझ्याकडं आलं, जातं-पाटा येतो तसं." आणि थोड्या वेळानं, "त्या दिवशी मी घरी येऊन न्हाते आन जेवत न्हाई. कुनाला सांगितल्यालं न्हाई."

"आत्ता कुणी बोलावलं तर?"

"न्हाई म्हनायचं आसतंय व्हय?" हा प्रश्न त्यांनी मला नाही, शेजारच्या आजीला विचारला. मला त्याचं उत्तर द्यावंसं वाटत होतं. दिलं नाही. त्या दोघीच बराच वेळ त्यावर बोलत राहिल्या.

८ मार्च, शनिवार

महिला दिनाच्या कार्यक्रमात "त्या जावा-जावांना स्टेजवर बोलवू, दोन शब्द सांगतील" असा आग्रह झाला. नाही म्हटलं. बैठकीत बोललेलं मंडपात बोलायला लावणं हा विश्वासघात आहे. थोडी नाराजी झाली. द्राक्षाचा माल ऐन तोडणीला आलाय, पुढचा महिनाभर बैठका नाहीत.

११ एप्रिल, शुक्रवार

महात्मा फुल्यांची जयंती. पुरुषांची बैठक मारुतीच्या कट्ट्यावर, रात्री साडेआठला. बागांची खरड छाटणी सुरू आहे, तरी पंचवीसेक जण आले. आज बोलणं सहकाऱ्यानं चालवलं, मी बाजूला बसून टिपणं घेतली.

पहिला प्रश्न अपेक्षित होता. "कायदा आहे का? शिक्षा काय?" सहकाऱ्यानं सरळ सांगितलं की २०२२ चं ते परिपत्रक आहे, त्यात शिक्षा नाही, ग्रामपंचायतींनी जागृती करावी असं आहे. त्यावर दोघं जण उठून गेले. बाकीचे बसले.

मग त्यानं करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांची गोष्ट सांगितली. माझ्या मृत्यूनंतर माझ्या बायकोवर या प्रथा लादू नयेत, असं त्यांनी जिवंतपणी स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं. हेरवाडच्या ठरावामागंही त्यांचीच धडपड होती. गोष्ट सांगून त्यानं एकच विचारलं, "तुमच्या मागं तुमच्या घरी काय व्हावं?"

"असलं अभद्र बोलू नये," एक पाटील म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं, स्वतःच्या मरणाविषयी चारचौघांत बोलायला पुरुषांना किती जड जातं हे त्या शांततेत दिसत होतं. बायकांना बांगडीनं जो रस्ता मिळाला तसा यांना कुठून मिळेल, ते मला सुचेना.

रस्ता सलूनवाल्या दादांनी काढला. ते सत्तरीचे आहेत, सगळ्या गावाच्या दाढ्या त्यांच्या हातून झालेल्या. म्हणाले, "पूर्वी बायांची डोकी करायचं काम आमच्या लोकांकडं होतं म्हणे." सहकाऱ्याला इतिहास ठाऊक होता. १८९० च्या सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनीच ठरवलं होतं, की विधवांच्या डोक्यावरून वस्तरा फिरवायचा नाही. फुल्यांनी त्याच्याही आधी, १८६३ साली, पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, जिथं फसवल्या गेलेल्या विधवांचं बाळंतपण होई. दादा हे ऐकून ताठ बसले. "म्हणजे बंद आमीच केलं," ते म्हणाले. "ज्याच्या हातात हत्यार, त्यानंच न्हाई म्हनलं."

मला फेब्रुवारीतल्या त्या आजी आठवल्या.

पुढं बोलणं जमिनीवर गेलं, आपोआप. एक बागायतदार म्हणाला, "माझ्या नावावर सोसायटीचं कर्ज, सातबारा एकट्याचा. उद्या मला काय झालं तर बायकोला तलाठी कार्यालयात कोण उभं करून घेणार?" एका म्हाताऱ्यांनी लक्ष्मीमुक्तीची आठवण काढली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं हाक दिली तेव्हा त्यांनी बायकोच्या नावावर एक एकर केलं होतं. "गाव हसलं होतं तवा." कट्ट्यावर कुणी हसलं नाही. दहा वाजून गेले तरी मंडळी उठेनात.

३० एप्रिल, बुधवार

महिला ग्रामसभा. ठरावाचा मसुदा सरपंचांनी हेरवाडच्या धर्तीवर लिहून आणला होता, तो मी मोठ्यानं वाचला. बायकांनी त्यात बदल सुचवला आणि तो बदल मला मूळ मसुद्यापेक्षा मोलाचा वाटतो. 'बंदी' शब्द काढला. त्याजागी आलं, 'बाईच्या अंगावरचा कोणताही दागिना, कुंकू वा बांगडी तिच्या मर्जीविरुद्ध कुणी काढणार नाही, आणि तिला काढावी वाटली तर कुणी अडवणार नाही.' ही दुसरी अर्धी ओळ धाकटीनं सांगितली. तिला स्वतःला आता मंगळसूत्र घालायचं नाही. बांगड्या घालायच्या आहेत.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत ठराव मंजूर झाला. चौघांनी विरोध नोंदवला, त्यांची नावं वगळून विरोध तसाच इतिवृत्तात लिहिला गेला.

१९ मे, सोमवार

पहाटे सीआरपी ताईंचा फोन. गावात बावन्न वर्षांचे एक गृहस्थ हृदयविकारानं गेले. मी जाऊ का, असं त्यांनी विचारलं नाही आणि मीही गेले नाही. मयताच्या घरी माझं काम नव्हतं.

नंतर कळलं ते असं. परगावचे पाहुणे रीतीप्रमाणे म्हाताऱ्या आजींना बोलावायला गेले. त्या आल्या. येऊन त्या बाईशेजारी भिंतीला टेकून बसल्या आणि उठल्याच नाहीत. दोनदा सांगितलं, तरी नाही. तिरडी उचलली गेली, बांगड्या हातातच राहिल्या.

दहाव्याला मात्र नणंदांनी जोडवी काढून घेतली. ती काही बोलली नाही. तिची मर्जी होती की नव्हती, हे त्या गर्दीत कुणी विचारलं नाही. मी हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवून ठेवते आहे.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. बायका सकाळी वडाला गेल्या. दुपारी मी त्या मयताच्या घरी गेले, धाकटी आणि थोरली दोघी आधीच तिथं बसलेल्या होत्या.

नवरा गेल्याला अजून महिना नाही, तरी तिचा प्रश्न तयार होता. "बांगड्या ऱ्हायल्या. रानाचं काय?" दीर म्हणतोय घाई काय आहे. घाई आहे. वारस नोंदीसाठी तीन महिन्यांत वर्दी द्यायला हवी. तिची दोन मुलं आणि सासू हयात आहेत, म्हणजे हिंदू वारसा कायद्याप्रमाणे चौघांना सारखा वाटा. उद्या तिनं दुसरं लग्न केलं तरी मिळालेला वाटा जात नाही, हे सांगितलं तेव्हा तिनं पटकन आतल्या खोलीकडे पाहिलं. सासू आत झोपल्या होत्या.

पुढची बैठक १९ जून, गुरुवार, दुपारी दोन, समाजमंदिर. ग्राम महसूल अधिकारी (म्हणजे पूर्वीचे तलाठी) यायला तयार आहेत. गाव नमुना ६-क मध्ये वारसाची नोंद कशी होते ते बायकांना त्यांच्याकडूनच ऐकू दे. कागद आणायचे: मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांची आधार कार्डं. झेरॉक्स काढायचं काम थोरलीनं अंगावर घेतलंय, ती शनिवारी तासगावला निघाली आहे.